फूटपाथवरचा ‘आसरा’

चेतनाने कागदी कपातला चहा पुढे केला, वर न बघता... आणि तो कप घेणारा हात आपल्या सख्ख्या नणंदेचा आहे हे त्या बाईला कळलंसुद्धा नाही! कळणार कसं? घरच्यांना चिनी मातीचे कप, मासिक विकायला घरी बोलावलेल्या बेघरांना कागदाचे, एवढं सांभाळताना तोंडाकडे कोण बघतो?

मालती मात्र सगळं बघत होती. आई-बाप गेल्यावर याच घरात, याच फरशीवर तिने धाकट्या शरच्चंद्राला अभ्यासाला बसवलं होतं. चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून बोटं सोलून घेतली, आलेली स्थळं परतवून लावली, त्याला प्राध्यापक केलं... आणि त्याच्या लग्नानंतर घर अपुरं पडू लागलं तेव्हा “ताई, थोडे दिवस माढ्याला मावशीकडे राहा,” म्हणत त्याच लाडक्या भावाने तिला एसटीत बसवून दिलं. मावशी वारली, पण ते ‘थोडे दिवस’ काही संपले नाहीत. मालती सोलापूरला परतली ती थेट स्टेशनजवळच्या रात्रनिवाऱ्यात. भावाच्या दारी हात पसरण्यापेक्षा ते बरं.

आता या प्राध्यापकसाहेबांना बेघरांचा कळवळा आला होता. त्यांनी रस्त्यावर विकायचं मासिक काढलं होतं, नाव ‘आसरा’! संपादकीयात छापलं होतं, ‘ज्यांना कुणी नाही, त्यांचे आपण.’ वा रे आपण! सख्खी बहीण वाऱ्यावर आणि जगाला आसरा!

रात्रनिवाऱ्याने नावं भरून पाठवलेली ओळखपत्रं वाटत शरच्चंद्र तिच्यापुढे आला आणि पांढराफटक पडला.

“ताई... तू? या लोकांत?”

“तूच बोलावलंस की. बेघर पायजेत म्हनलास, आले.”

“आत चल आधी. लोक काय म्हणतील?”

“लोकांचं भ्या हाय व्हय? मग मोठ्यानं वाच माझं नाव. आडनाव तुझंच हाय.”

त्याने तिचं ओळखपत्र पालथं धरलं. त्याच्या पुस्तकांच्या कपाटाची, त्याच्या दयेची, सगळ्या सगळ्याची तिला किळस आली. अंकांचा गठ्ठा उचलून ती चालती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या पेठेच्या कोपऱ्यावर, फुलवाल्या नागम्माच्या शेजारी, ती अंक घेऊन उभी राहिली. लोक तिला टाळून जात होते. तेवढ्यात शरच्चंद्र आला, एकटाच, डोळे सुजलेले.

“सगळा गठ्ठा दे, ताई. आणि घरी चल. तुला असं उभं बघवत नाही.”

“गठ्ठा घेतलास की भीक झाली. तुझी लाज झाकायला मी हितं हुबी न्हाय.”

त्याने मान खाली घातली. “मग एक दे.”

चालता हो, म्हणायला तिने तोंड उघडलं, तोच नागम्माने तिचा पदर ओढला. “भवानी व्हायचीय तुजी. पैलं गिऱ्हाईक वैरी असलं तरी माघारी लावत न्हाईत, बाई.”

मालतीने मुकाट्याने अंक दिला. त्याने दिलेली नाणी रीतीप्रमाणे कपाळाला लावताना तिचे डोळे घळाघळा वाहू लागले, आणि त्या डोळ्यांचाच तिला संताप आला.

“मी तुला घालवलं, ताई...” तो भर रस्त्यात रडत होता.

“व्हय. घालवलंस. घरी मी येनार न्हाय.” तिने तोंड फिरवलं. मग पुढचा अंक हातात धरून, त्याच्याकडे न बघताच, ती म्हणाली, “उद्या लवकर ये. तू येस्तवर दुसऱ्या कुनाची भवानी घेत न्हाय मी.”