मुकुंदचे सगळे दाखले

"दंतवैद्य इथेच बसतात का?"

मृदुलानं टाइपरायटरवरून मान वर केली. दारात एक उंच तरुण, गालाला मफलर. १९७४ सालचा मार्च, चिंचवड स्टेशनसमोरची टायपिंग इन्स्टिट्यूट, आणि बाहेर रणरणतं ऊन.

"वरच्या मजल्यावर. इथे फक्त अर्ज टाईप करून मिळतात."

तो जिन्याकडे वळला, थांबला, त्यानं पुन्हा तिच्याकडे बघितलं. "मग... आधी अर्जच करू या."

दुखऱ्या दाढेनं अर्ज सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक! नाव मुकुंद, मूळचा बार्शीचा, राहायला आकुर्डीत काकांकडे. तेव्हापासून दर मंगळवारी स्वारी हजर. मंगळवारी आपण उगीचच घड्याळाकडे बघतो, हे मृदुलाच्याही लक्षात आलं होतं, आणि त्याचा तिला रागही येत होता.

त्याच्या अर्जांची तऱ्हाच वेगळी. कारखान्यातली जागा असली की शिक्षण फक्त आयटीआय, टर्नर. ऑफिसातली असली की फक्त बी.ए.

"दोन्ही का लिहीत नाही?"

"विचारतात ना, की टर्नरला बी.ए. कशाला? धरसोड माणूस वाटतो मी त्यांना." तो हसला. "दिवाळीपर्यंत पाहायचं. नाहीतर बार्शी, मामाचं दुकान."

मग सप्टेंबरात घोळ झाला. भोसरीच्या एकाच पंप कंपनीतून त्याला मुलाखतीचे दोन कॉल आले. एक मशीन शॉपचा, एक कारकुनाचा. दिवस गुरुवार, वेळ दोन्हीकडे सकाळी दहा, आणि भेटायचं एकाच साहेबांना!

मृदुलानं कपाळाला हात लावला. दोन्ही अर्ज तिनंच टाईप केले होते.

"जातच नाही मी," मुकुंद म्हणाला.

"जायचं. बसा इथे. तिसरा अर्ज करू, सगळं लिहून. कशानंतर काय, आणि का."

तो अवघडत सांगू लागला. इंटर सायन्स अर्ध्यात सुटलं, कारण वडील गेले. आयटीआय केलं, कारण घरी पगार लवकर हवा होता. नोकरी लागली तो कारखाना बंद पडला, तेव्हा बाहेरून बसून बी.ए. केलं. टाईप करता करता तिला वाटलं, यात धरसोड कुठे आहे? उलट या माणसानं काही सोडलंच नाही.

"तारखा बघू द्या. दाखले आणा इकडे."

"सगळे... नकोत."

"सगळे!"

तिनं फाइल ओढून घेतली. शेवटचा दाखला इंग्रजी टायपिंगचा होता. मिनिटाला चाळीस शब्द, पहिला वर्ग, दोन वर्षांपूर्वीचा.

मृदुला बघतच राहिली. "तुम्हाला टायपिंग येतं?"

"येतं."

"मग सहा महिने माझ्याकडून –"

"याचंही कारण लिहायचंय का अर्जात?" मुकुंदचे कान लालबुंद झाले होते.

ती मशीनकडे वळून पुढे टाईप करू लागली. पण त्या ओळीत तिच्याकडून तीन चुका झाल्या.

गुरुवारी दुपारी तो आला, घामेघूम. मृदुला सकाळपासून जेवली नव्हती.

"साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी मांडून ठेवले होते. म्हणाले, यातला खरा कोणता? मी तिसरा पुढे केला. म्हटलं, हा पूर्ण आहे."

"मग?"

"स्टोअर्समध्ये घेतलं. सुटे भाग ओळखणारा आणि इंग्रजीत पत्रं लिहिणारा असा एकच माणूस त्यांना मिळत नव्हता. सोमवारपासून." तो घुटमळला. "आता अर्जाचं... निमित्त संपलं."

मृदुला खुर्चीवरून उठली आणि तिनं मशीनला कोरा कागद लावला.

"एक राहिलाय. माझ्या वडिलांच्या नावे. सगळं शिक्षण लिहायचं, काही लपवायचं नाही. आणि हा तुम्हीच टाईप करायचा."

मुकुंद खुर्चीत बसला. क्षणभर त्याची बोटं नुसतीच बटणांवर राहिली.

"कार्बन किती लावू?"

"एकच," ती म्हणाली. "माझ्यासाठी."