सरांचा कॉम्प्युटर

एक होता कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, एक त्याची बायको आणि एक त्यांची लेक. घर एवढंसं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. माणूस आपल्या चांगल्या ओळखीतला, म्हणून सांगते. खोटं बोलायचा तो फक्त गिऱ्हाइकाशी, आणि तेही एकच. कुणी येऊन "झालं का?" विचारलं, की मान वर न करता म्हणायचा, "उद्या या."

लेक घरांचे नकाशे काढायला शिकत होती. शेवटचं वर्ष. सोमवारी सकाळी सगळे नकाशे द्यायचे, नाही दिले तर वर्ष वाया. आणि नेमका त्याच आठवड्यात तिचा कॉम्प्युटर रुसला. दिवसभर शहाण्यासारखा चाले. रात्री नऊ वाजले की पंखा थांबे, स्क्रीन काळी. मग सकाळपर्यंत बटण दाबून बोट दुखलं तरी ढिम्म.

"दिवसा मी कॉलेजात असते, बाबा. मी काम करायचं कधी?"

"बघतो गं."

"जगाचे कॉम्प्युटर बघतात," आतून बायको म्हणाली, "घरच्याला तेवढं उद्या या."

बाप बसला बघायला. आधी वायर बदलली. मग भिंतीतला प्लग. रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली, पंख्यातली धूळ झटकली, आतली एकेक जोडणी काढून पुन्हा लावली. मीटर लावला तर वीज हवी तेवढीच, ना कमी ना जास्त. नऊला मात्र मीटरवरचा आकडा उतरायला लागला. एकदम नाही हो. कुणी नळ हळूहळू बंद करावा तसा.

आता राहिला पॉवर सप्लायचा डबा. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देतो तो. लेकीचा जुना डबा जळला म्हणून हा त्यानेच बसवला होता, आणि दुखणंही तेव्हापासूनचंच.

"हा आणलात कुठून?" बायकोने विचारलं.

"माळ्यावर तो एक कॉम्प्युटर पडलाय ना, त्याच्या कॅबिनेटमधला. ते गणिताचे सर नव्हते का, रोज दुकान बंद करायच्या वेळेला यायचे? डबा दुरुस्त करून ठेवला, तर तेव्हापासून यायचेच बंद झाले. फोनही लागेना. वर्ष होत आलं. कुणी न्यायला आलं नाही की त्याचे सुटे भाग होतात. सगळेच करतात."

बायको काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ते राहूनच गेलं.

शुक्रवारी रात्री त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि लेकीचा कॉम्प्युटर दुकानातल्या टेबलावर उघडून बसला. नऊ वाजले. आकडा उतरू लागला. पंखा मंदावला... थांबला.

शटरखाली दोन पाय उभे होते.

झिजलेल्या चपला. टाचा दुकानाकडे, बोटं रस्त्याकडे. पाठ करून कुणी उभं असावं तसं. पण आवाज आला तो समोरून.

"झालं का?"

इतक्या वर्षांची जिभेची सवय. बोलून गेला, "उद्या या."

"बरं."

पाय नव्हते. गेले नाहीत... नव्हते.

बायको दारात आली. "कोण होतं?"

"ते सर. अगं, आवाज त्यांचाच. वर्षभराने उगवले बघ."

बायको तिथेच खाली बसली. "अहो... सर गेले. मागच्या पावसाळ्यात. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

"मी ऐकलं नसेल..."

"तुम्ही कधी ऐकता?"

शनिवार उजाडला. दुसरा डबा मंगळवारशिवाय मिळणार नव्हता, आणि दुकानातले बाकीचे लेकीच्या कॉम्प्युटरला पुरे पडणारे नव्हते. हा काढला तर सोमवारचं काम बुडालं. ठेवला तर रात्री पुन्हा तेच. बाप नुसता स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बसला. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, त्यांचं त्यांना द्या."

"आणि तुझं वर्ष?"

"पुन्हा करीन." म्हणाली खरी. डोळे मात्र भरले होते.

त्याने डबा काढला. सरांचं कॅबिनेट माळ्यावरून उतरवून पुसलं, त्यात बसवला, चालवून पाहिला. मग वायर काढून गुंडाळून मांडीवर घेतली आणि वाट बघत बसला. लेकीचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, डब्याच्या जागी नुसतं भोक.

डिसेंबरातला दुसरा शनिवार होता तो. बाहेर थंडी. कुत्रंही भुंकत नव्हतं.

नऊ.

पाय आले.

"झालं का?"

  तो म्हणाला, "झालं, सर. उशीर झाला... फार उशीर झाला. न्या."



मांडीवरची वायर मांडीवरच होती. आणि समोर सरांच्या कॅबिनेटचा पंखा फिरायला लागला... दिवा लागला... विझला.

शटरखाली नुसता रस्ता.

"बाबा!"

आतून लेकीची हाक. तो धावला. बायको भिंतीला पाठ लावून उभी होती, तोंडावर पदर.

लेकीचा कॉम्प्युटर चालू होता. पोटात डबा नाही. भिंतीतलं बटण बंद. आणि स्क्रीनवर तिचा नकाशा, अर्धवट सोडलेला, तसाच.

"हात लावू नको," आई म्हणाली.

 लेकीने खुर्ची ओढली आणि बसली. "माझं काम राहिलंय, आई."

रात्रभर बसली. रविवारी दिवसभर, पुन्हा रात्री. आई ताट आणून ठेवायची आणि कॅबिनेटकडे न बघता परत जायची. बाप दारात बसून.  सोमवारी पहाटे शेवटचा नकाशा पेन ड्राइव्हवर उतरला, लेकीने तो काढून घेतला... आणि पंखा हळूहळू थांबला.

त्याच सकाळी बापाने सरांचा कॉम्प्युटर त्यांच्या घरी पोचवला. सरांच्या पत्नींनी आत घेतला, चालू केला. आत नातवाचे बोबडे बोल साठवलेले होते. ते ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे अंथरुणाला खिळले होते, तरी रोज संध्याकाळी चपला मागायचे. म्हणायचे, आज नक्की मिळेल." बापाने हात जोडले. 

त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकाला खरा दिवस सांगतो, आणि सांगितलेल्या दिवशी देतो. दुकान असं चाललं म्हणता, शेजारचा गाळाही घेतला. लेक पास झाली. आता दुसऱ्यांची घरं बांधते, आणि आईबापांसाठी पहिलं तिनेच बांधलं. तिघं सुखात आहेत.

फक्त एक सांगायचं राहिलं. मंगळवारी नवा डबा बसवायला बापाने लेकीचं कॅबिनेट उघडलं. त्या रिकाम्या भोकाच्या कडेला, पत्र्यावर, आतल्या बाजूने पाच बोटं उमटली होती. पांढरी. त्याने एक पुसून पाहिलं.

खडू होता.