जलद साडेतीन, संथ साडेतीन

थॅडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो 'मर्लकडे भाजलेल्या बरगड्या अर्ध्या किमतीत' या जाहिरातीखाली गाडला गेला होता.

चूक त्याचीच होती. आमच्या धावपट्टीच्या कडेला हॉलिस मामानं चांगली हातभर उंच पाटी ठोकली आहे – इथे गाडी लावू नये, वरून बॅनर पडतो. तरी हा पठ्ठ्या पाटीला टेकूनच पिकअप उभी करून नकाशा बघत बसला होता. मी विमानामागे बॅनर ओढत शहरावरून दोन फेऱ्या मारून परतले, दोरी सोडली, आणि त्याच क्षणी खालची निळी गाडी दिसली. शंभर फुटांचा बॅनर, माणसाएवढी लाल अक्षरं… सगळं सळसळत त्या गाडीवर जाऊन बसलं!

विमान उतरवून मी धावत सुटले. कापडाखाली काहीतरी वळवळत होतं. मी एक अक्षर उचललं, आणि आतून पांढराफटक पडलेला एक चेहरा बाहेर आला. केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर.

"मी… जिवंत आहे ना?"

"वाचता येतं का तुम्हाला?" मी पाटीकडे बोट केलं.

त्यानं चष्मा नीट बसवला, पाटी वाचली, मग वर आभाळाकडे पाहिलं. "मला वाटलं गंमत आहे. कोण आभाळातून बॅनर टाकतं?"

"मी टाकते."

"तुम्ही?" त्यानं माझ्या तेलकट हातांकडे पाहिलं, वेणीत अडकलेल्या गवताकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, हसला. "मग आता अर्ध्या किमतीतल्या बरगड्या मला तुम्हीच खाऊ घालायला हव्यात."

माणसाची बोबडी वळलेली, तरी जीभ जागेवर! मला राग यायला हवा होता. आला नाही.

तो थॅड कोवाल्चिक. पेनसिल्व्हेनियातून आमच्या शाळेत वाद्यवृंद शिकवायला नव्यानं आला होता, शाळेचं मैदान शोधता शोधता आमच्याकडे पोचला होता. गाडीच्या मागच्या बाजूला एक भलंमोठं पितळी वाद्य होतं. त्याला पोचा आला नव्हता हे नशीब.

पुढच्या शनिवारी तो परत आला. "त्या दिवशी मी कशाखाली मरणार होतो ते बघायचंय," म्हणाला.

सप्टेंबरपासून आमचं काम शनिवारचं. पंचवीस मैलांवर विद्यापीठाचं मैदान आहे आणि तिथं फुटबॉलच्या सामन्याला ऐंशी हजार माणूस जमतो. पण सामन्यावरून आम्हाला उडता येत नाही. सामन्याच्या एक तास आधीपासून संपल्यावर एक तासापर्यंत, मैदानाभोवती तीन मैलांचं रिंगण बंद. आत गेलात की परवाना गेला. त्यामुळे आम्ही सकाळपासून उडतो. लोक वाहनतळावर चुली मांडून मांस भाजत असतात, माना वर करायला त्यांना भरपूर वेळ असतो. तासाचा काटा आला की आम्ही मुकाट्यानं घरी.

थॅडला अक्षरं जोडायला मी शिकवलं. गवतात गुडघे टेकून तो एकेक अक्षर सरळ करायचा, कापडाला चिकटलेली गोखरं वेचायचा, आणि गुणगुणायचा. मग दोन खांबांवर बॅनरची दोरी ताणायची, मी वरून झेप घेणार, शेपटीच्या आकड्यानं दोरी उचलणार आणि नाक आभाळाकडे करणार. पहिल्यांदा त्यानं ते पाहिलं तेव्हा इतक्या जोरात ओरडला की मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आल्यासारखं वाटलं.

"मला वाटलं, तू गेलीस!" मी उतरल्यावर तो म्हणाला. अहो-जाहो तिथंच गळून पडलं. "असं रोज करतेस?"

"दिवसातून चारदा."

"मग मला दिवसातून चारदा ओरडावं लागेल, टॅली."

माझं पूर्ण नाव टॅलुला ओग्लट्री. सगळं गाव मला टॅलीच म्हणतं. पण त्यानं म्हटलं तेव्हा… जाऊ दे. मी उकडलेल्या शेंगांची पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि विमान पुसायला लागले. विमान स्वच्छच होतं.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव अलाबामात, नदीच्या अलीकडे. पण पिढ्यान्‌पिढ्या सगळे नदीपलीकडच्या जॉर्जियातल्या गिरण्यांत कामाला, म्हणून गावातली घड्याळं तिकडची. तिकडची वेळ एक तास पुढे – ती जलद वेळ. गावाबाहेर पश्चिमेला गेलं की एक तास मागे – ती संथ वेळ. इथं कुणी कुणाला 'चारला ये' म्हणत नाही. 'जलद चार' किंवा 'संथ चार' म्हणतात. दूधपिती पोरंसुद्धा विचारतात. विद्यापीठाचं मैदान संथ वेळेत, म्हणून आमच्या हँगरमधल्या फळ्यावर सगळं संथ वेळेतच लिहायचं.

हे थॅडला मी दहादा सांगितलं होतं. त्यानं दहादा मान डोलावली होती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात टीव्हीवाल्यांनी सामन्याची वेळ बदलली. सामना कधी ते वैमानिकानंच शोधायचं असतं, कुणी येऊन सांगत नाही. पण मी इंजिनात कोपरापर्यंत बुडाले होते. "थॅड, एवढं बघून फळ्यावर लिही ना."

"हुकूम!" त्यानं फोनवर टीव्हीचं वेळापत्रक काढलं आणि आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: सामना साडेतीन.

त्याच्या अक्षराकडे बघत मी जरा जास्तच वेळ उभी राहिले, हे कबूल करते. आकडा पाहिला, विचारलं मात्र नाही. म्हणजे रिंगण बंद अडीचला. मी दोनपर्यंत उडणार. काळजी काय?

निघताना त्यानं माझ्या वेणीतलं गवत काढलं. "संध्याकाळी तुला काहीतरी सांगायचंय."

"आत्ता सांग."

"आत्ता तू उडून जाशील."

गालात हसतच मी उडाले. खाली माणसांचा महासागर, चुलींचा धूर, टोप्या हलवणारे हात. मैदानापासून मैलभर अंतरावर मी संथपणे गिरक्या घेत होते. घड्याळात एक सव्वीस. आणि हेडसेटमधून कानात थॅडचा आवाज फुटला.

"टॅली! टॅली, बाहेर पड! साडेतीन जलद होतं! टीव्हीचं जलद असतं! मामांनी रेडिओ लावला, तिथं सांगतायत अडीचला सामना… अडीचला, टॅली!"

अडीच. म्हणजे दीडला बंद. चार मिनिटं!

बॅनर ओढताना माझं विमान एखाद्या ट्रॅक्टरच्या मागे अडकल्यासारखं चालतं. वळायलाच मिनिट जातं. खाली हजारो डोकी, तिथं बॅनर सोडणं म्हणजे कुणाचा तरी जीव घेणं. मी उत्तरेला वळले आणि इंजिन पूर्ण वेगानं सोडलं. मला बाकी काहीच येत नाही, फक्त उडता येतं. कॉलेज सोडून, जुनी गाडी विकून मी तो परवाना मिळवला होता. वसंतात अटलांटाच्या विमान कंपनीत माझी मुलाखत होती. सगळं त्या एका कागदावर टांगलेलं.

वाहनतळ संपला, रस्ता संपला. एक कुरण दिसलं, माणूस नाही, कोपऱ्यात चार गाई. मी दोरी सोडली. ओझं सुटताच विमान उसळलं. रिंगणाबाहेर पडले तेव्हा घड्याळात एक एकतीस झाले होते.

एक मिनिट. एका मिनिटानं मी गुन्हेगार झाले होते.

उतरले तर थॅड धावत आला. चेहरा पहिल्या दिवसापेक्षा पांढरा.

"माझी चूक आहे. मी लिहिलं. मी त्यांना कळवतो, मी—"

"विमानात तू होतास का?"

"नाही, पण—"

"मग गप्प बस! विमानात जो असतो तो जबाबदार असतो." माझा आवाज फाटला. "एक शब्द, थॅड! जलद की संथ, एवढा एकच शब्द. इथलं शेंबडं पोरही विसरत नाही."

"टॅली…"

"जा. परत येऊ नकोस."

तो गेला. काहीतरी सांगायचं होतं ते न सांगताच गेला. मी विमान खात्याच्या कार्यालयाला फोन केला आणि स्वतःच सगळं सांगितलं. मिनिटासकट. पलीकडचा माणूस म्हणाला, "निर्णय होईपर्यंत उडू नका."

तीन आठवडे मी जमिनीवर होते. मला झोप लागेना, अन्न जाईना. आणि सगळ्यात संताप कशाचा, तर परवान्याचा विचार करता करता मध्येच ते गुणगुणणं आठवायचं. फळा पुसायला घेतला, पण ते सुरेख अक्षरातलं साडेतीन काही पुसवेना.

एका दुपारी हँगरच्या दारात बॅनर दिसला. घडी घातलेला, धुतलेला. मी उलगडला. फाटलेल्या जागी बारीक, वेडेवाकडे टाके होते.

"हे कुणी केलं?"

हॉलिस मामा शेंगा सोलत बसला होता. "कोण करणार? तुझा तो बाजेवाला. चार संध्याकाळी त्या कुरणात चिखल तुडवत अक्षरं गोळा करत होता. एक अक्षर गाईनं चघळलं, ते त्यानं आपल्या पडद्याचं कापड लावून शिवलंय बघ."

खरंच, लाल अक्षराच्या पोटात फुलाफुलांचं ठिगळ होतं. मला रडू आलं आणि हसूही आलं.

"मला का नाही सांगितलंस, मामा?"

"त्यानं शपथ घातली. आणि तू विचारलंस कुठं?" मामानं एक शेंग तोंडात टाकली. "मी तर म्हणतो, फळ्याकडे बघायचं काम तुझंही होतं. पण तुझ्या तोंडाला कोण लागणार?"

खरं होतं ते. आकड्याकडे नव्हे, अक्षराकडे बघत उभी होते मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी खात्याचं पत्र आलं. मी ते विमानाच्या पंखाखाली उभं राहून फोडलं, पहिल्यांदा वाचलं तर काहीच कळेना, दुसऱ्यांदा वाचलं. मग फोन काढून थॅडला एवढंच लिहिलं – आज सहाला मर्लकडे ये. आणि संध्याकाळी मामाची गाडी काढली.

मर्लचं बरगड्यांचं दुकान गावाबाहेर पश्चिमेच्या रस्त्यावर आहे, तिथं संथ वेळ चालते. मी ठीक संथ सहाला दार ढकललं. थॅड खिडकीपाशी बसला होता. समोर बर्फ वितळून गेलेला गोड चहा.

"तासभर बसलाय बिचारा," मर्ल गल्ल्यावरून ओरडली. "दर वेळी दार वाजलं की उठून उभा राहतो. मलाच लाज वाटायला लागली!"

तो आत्ताही उभा राहिला होता. बारीक झाला होता. मी पर्स आपटली. माझं तोंड माझ्या आधी धावतं.

"तासभर? म्हणजे जलद सहाला आलास? अजून शिकला नाहीस? इथं संथ—"

त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

आज सहाला मर्लकडे ये.

मी परत वाचलं. आणखी एकदा वाचलं. जलद नाही, संथ नाही. नुसतं सहा. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात, या गावात जन्मून, मी… मी विसरले होते!

"विचारायचं होतंस मग," मी कशीबशी म्हणाले.

"घाबरलो. म्हटलं, विचारलं आणि तू नकोच म्हणालीस तर?" त्यानं चष्मा सारखा केला. "मग ठरवलं, दोन्ही सहांना जायचं. जलद सहाला आलो. तू नव्हतीस. संथ सहापर्यंत थांबलो. संथ सहालाही आली नसतीस, तर मात्र…"

"तर काय?"

"तर मर्लनं हाकलेपर्यंत बसलो असतो."

मी पत्र टेबलावर ठेवलं. तो हात लावेना. "तूच सांग. माझ्यात ताकद नाही."

"समज देऊन सोडलंय. स्वतःहून कळवलं, गर्दीवर बॅनर टाकला नाही, म्हणून. एका निरीक्षकापुढे परत परीक्षा द्यावी लागेल, बस्स. परवाना आहे, थॅड. माझा परवाना आहे."

तो धाडकन खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. अख्खं दुकान बघत होतं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याचा एक हात ओढून घेतला. बोटांवर सुईनं टोचलेल्या खुणा होत्या, अजून लाल.

"त्या दिवशी संध्याकाळी काय सांगणार होतास?"

"तुला माहीत आहे."

"मला ऐकायचंय."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, टॅली. बॅनर डोक्यावर पडला तेव्हापासून." मग त्यानं फोनकडे पाहिलं, ओलसर डोळ्यांनी हसला. "पण एक विचारू? तू कशी विसरलीस? इथलं शेंबडं पोरही विसरत नाही म्हणे."

माझे कान तापले. मर्ल कान देऊन ऐकत होती. आता कसली लाज?

"पत्र आलं," मी म्हणाले, "आणि वाटलं, आधी तुला सांगायचं. मामालाही नाही सांगितलं अजून. दुसरं काही सुचलंच नाही… वेळसुद्धा."

थॅडनं माझ्या वेणीतली गवताची काडी हळूच काढली आणि त्या पत्रावर ठेवली.

"मर्ल," मी आवाज दिला, "दोन ताटं बरगड्या. आणि किंमत अर्धी हवी, बॅनर आमचा आहे."