फरशी ओली कधी झाली?

"तुळसाकाकू पडली. लवकर ये," एवढंच बोलून बाबांनी फोन ठेवला.

आम्रपाली बालाघाटच्या एका दवाखान्यात हाडं मोडलेल्यांना पुन्हा चालायला शिकवायची. वस्तीतल्या समाजभवनात ती पोचली, तेव्हा बायकांनी तुळसाबाईंना उचलून आत बाकावर निजवलं होतं. उजव्या खुब्याला त्या हात लावू देत नव्हत्या. दाराजवळची नवी फरशी ओली चकाकत होती.

तिचे बाबा, खेमराज गुरुजी, भवनाच्या समितीचे अध्यक्ष. भिजलेल्या बाह्या वर सारत ते म्हणाले, "अनुसयानं ओलं पुसलं न् तसंच सोडलं. आजपासून तिचं काम बंद."

झाडपूस करणारी अनुसया मान खाली घालून उभी होती.

"मावशी, पुसलं त निदान सांगायचं होतं," आम्रपाली खेकसली.

अनुसया उरलेली भांडी घासायला मागे निघून गेली.

तुळसाबाईंना गाडीत निजवताना आम्रपालीने त्यांचं लुगडं सावरलं. ते कोरडं होतं. टाचेला मात्र काहीतरी बुळबुळीत लागलेलं. बोटं नाकाशी नेली, तर तळणाचा वास.

दवाखान्यात दुखणं जरा उतरल्यावर तिने विचारलं, "काकू, ओलं कुठं होतं?"

"मोरीपाशी. तिथं त मी भिंत धरून, पाय दाबत दाबत चालली."

"न् दारापाशी?"

"सुक्कं होतं ना. पायपुसण्यावर बिनधास्त पाय टाकला, त पायपुसणंच पायाखालून निघून गेलं." तुळसाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. "कोणाले सांगू नको बाई. म्हातारीले चालता येत नाई म्हणतील."

दारापाशी तर पायपुसणं नव्हतंच.

ते सापडलं भवनामागे, पाण्याच्या टाकीआड. वरून कोरडं, खालून तेलाने माखलेलं. जवळच अनुसया कढया घासत होती.

"मावशी, दारापाशी कोणं पुसलं?"

"मले काय मालूम. मी सकाळपासून इथंच भांडे घासून राह्यली."

"मग बोलल्या काहून नाई?"

"गुरुजी म्हणते त हौ म्हणा लागते."

आम्रपालीने पायपुसणं उचललं. बाबांच्या भिजलेल्या बाह्या तिने पाहिल्या होत्या. फक्त, पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

संध्याकाळी समिती बसली. अनुसयालाही बोलावलं होतं. अनुसयाला काढण्याचं सगळ्यांचं आधीच ठरलेलं. आम्रपालीने पायपुसणं सतरंजीवर उलटं टाकलं.

"काकू पडल्या तेव्हा फरशी ओली नव्हती. त्यांचं लुगडं कोरडं होतं. पाणी नंतर आलं."

तिने पायपुसण्याच्या तेलकट बाजूला बोट लावून दाखवलं.

"ओलं दिसलं की माणूस पाय जपून टाकतो. मोरीपाशी काकू तशाच चालल्या, म्हणून पडल्या नाहीत. पायपुसणं दिसलं, तिथं भरवशानं पाय टाकला. खाली तेल होतं. ते तेल दिसलं असतं, तर त्या तिथंही जपल्या असत्या. कोणीतरी ते झाकलं. आणि काकूंना आत नेल्यावर पायपुसणं लपवून फरशी धुतली." ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुमच्या बाह्या कशानं भिजल्या होत्या?"

खेमराज गुरुजींनी बाह्या खाली ओढल्या.

"गोंदियाचे पाहुणे जेवायला दारात आलते," ते शेवटी म्हणाले. "तेलाचा डबा कलंडला. नव्या फरशीवर एवढा मोठा डाग. लाज वाटली. पायपुसणं ओढलं वर. म्हटलं, पाहुणे गेले की पुसू."

"न् काकू आत कण्हत होत्या, तेव्हा?"

"तेव्हाही लाजच वाटली."

अनुसयाला काढायला तयार असलेली मंडळी आपापल्या चपला शोधू लागली. बापाला चारचौघांत उघडं पाडलं, म्हणून आम्रपालीलाही नजर वर करवेना. अनुसयावर आपण खेकसलो, ते तर त्याहून जास्त टोचत होतं. "मावशी, माझं चुकलं," ती कशीबशी म्हणाली.

गुरुजी उठले, अनुसयापुढे जाऊन त्यांनी हात जोडले. ती घाबरून मागे सरकली.

"माह्यापुढं नका जोडू, गुरुजी. तुळसाकाकू अजून स्वतःलेच दोष देऊन राह्यली असन. तिले जाऊन सांगा."

आम्रपालीने गाडीची किल्ली काढली. बाबांनी मानेनेच नाही म्हटलं.

"तू इथंच थांब. मी एकटा जातो."