दोन लाल रेघा

"ओ साहेब! माह्या पोत्याले हात नका लावू!"

देवमनशी मी बोललेलं पहिलं वाक्य हेच. १९७६ चा माघ, बाहेर अवकाळी पावसाची भुरभुर, आणि हा उंचेला माणूस केनवडच्या दालमिलमध्ये शिरला तो थेट मी शिवलेलं तुरीच्या डाळीचं पोतं उचलायलाच! शर्टाच्या आत कागदाची गुंडाळी. ती भिजू नये म्हणून छातीशी धरलेली, स्वतः मात्र चिंब. मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

"तोलून पाह्यतो फक्त. जिथल्या तिथं ठेवतो."

"अन् नाई ठेवलं तर?"

"तर... मलेच शिवून टाका पोत्यात."

माझ्या शेजारी बसणारी रुखमाबाई फिस्सकन हसली. झालं! दिवसभर मला चिडवायला तिला कारण मिळालं.

आम्ही पाच बाया टिनाच्या मापानं दहा-दहा किलोची पोती भरायचो. दुकानदारांची तक्रार होती की पोती सारखी भरत नाहीत, म्हणून मालक फुलचंदशेठनी याला वाशीमहून बोलावलं होतं. रोज सकाळच्या मोटारीनं यायचा, भरून झालेली पहिली पाच पोती, प्रत्येकीचं एक, तोलायचा, आणि दुपारी दुसऱ्या मिलमध्ये जायचा. वीस दिवसांनी त्यानं आलेखाच्या कागदावर रेघा मारल्या.

"हे काय रांगोळी काढून राह्यले जी?"

"कंट्रोल चार्ट. पाच पोत्यांची सरासरी म्हणजे एक टिंब. मधली काळी रेघ नेहमीच्या वजनाची. या दोन लाल रेघांच्या मधे टिंब खालीवर झालं तर चालते. बाहेर गेलं, तर समजायचं, काहीतरी घडलं."

"अन् तुमी कवाचे माह्याकडे पाहून राह्यले, ते आत का बाहेर?"

त्याचे कान लाल झाले. "ते... लयच बाहेर."

मी मॅट्रिक, गणितात शाळेत पहिली. दोन दिवसांत टिंबं मीच मांडू लागले. एकदा पेन्सिल देताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं आणि टिंब भलतीकडेच पडलं. दोघांनीही खोडरबर शोधायची फार घाई केली!

मग एकदा त्याची सकाळची मोटार चुकली. त्यानं दुपारी भरलेली पोती तोलली. टिंब खालच्या लाल रेघेच्याही खाली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी तोलली, तिसऱ्या दिवशीही. तिन्ही टिंबं खाली.

फुलचंदशेठ कागद पाहून ओरडले, "माप तेच, हात तेच, मंग दोनशे ग्रॅम डाळ गेली कुठं? दुपारी पदरात बांधून नेता तुमी! उद्यापासून पाचही जणी घरी!"

रुखमाबाईनं हातातली सुई खाली ठेवली. चौदा वर्षं तिनं तिथं पोती भरली होती. मी देवमनकडे पाहिलं. आता बोलेल, आता बोलेल...

"चार्ट तर... तसाच आला," तो खाली मान घालून म्हणाला.

इतका राग मला जन्मात आला नव्हता. रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. "शेठ, आमी चोर नाई," मी म्हटलं. "उद्या सकाळी एक डाव भरू द्या. मंग खुशाल काढा."

सकाळी आम्ही बसलो. मी पहिलं माप ओतलं, सवयीनं "लाभ" म्हटलं आणि वर एक ओंजळ टाकली. आमच्याकडे दिवसाच्या पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि त्यावर ओंजळ टाकल्याशिवाय हात पुढं जात नाही. लाभ, दोन, तीन... मी बाजूला पाहिलं. पाचही जणींनी पहिल्या पोत्यात ओंजळ टाकली होती. माझा हात थांबला.

"देवमन!" ना साहेब, ना जी. "आमचं हरेकीचं पह्यलं पोतं तोल. मंग दुसरं!"

पहिलं दहा किलो दोनशे वीस. दुसरं दहा किलो पंधरा. पाचही जणींचं तसंच.

"पाह्यलं, शेठ? दुपारी डाळ जात नाई. सकाळी आमी जास्त टाकतो. पोत्यावर दहा छापलं, दुपारी बराबर दहाच भरते. यायनं वीस दिवस फक्त आमची लाभाचीच पोती तोलली अन् त्यावरून रेघा मारल्या. रेघ चुकली, आमी नाई!"

देवमननं चार्ट घेतला, आडवी फुली मारली, खाली लिहिलं 'चूक माझी' आणि सही केली. मग रुखमाबाईसमोर हात जोडले. "माय, माफ करा."

"कामाले लागा," शेठ पुटपुटले.

"आधी चोर म्हनाले, ते वापस घ्या," मी म्हटलं.

शेठनी घेतलं. सगळ्यांच्या देखत!

लाभ म्हणणं आम्ही सोडलं नाही, ओंजळ तेवढी आवरली. मग सकाळ-दुपार-संध्याकाळ तोलून नवा चार्ट मी काढला. खाली देवमननं माझ्याकडूनच लिहून घेतलं : 'तयार करणार — पंचफुला'.

"त्या दिवशी गप काहून राह्यले?" मी विचारलं.

"रेघेवर भरवसा ठेवला. तुह्यावर ठेवायले पाह्यजे होता." मग म्हणाला, "पंचफुला... लगन करशील माह्यासंग?"

मागं पोती शिवायचं थांबलेलं मला ऐकू आलं.

"करीन," मी मोठ्यानं म्हटलं. "चूक कबूल करणारा मानूस सारा वाशीम हिंडून नाई भेटत."

दुसऱ्या दिवशी माझा चार्ट पाहायला बाबा मिलमध्ये आले. त्यांना वाचता येत नव्हतं. भिंतीवरच्या चार्टवर मी माझं नाव दाखवलं, तर त्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मग शेजारच्या उंच माणसाला म्हणाले, "जयभीम. हे माह्या पोरीनं काढलं, ठाऊक हाये का तुमाले?"

"जयभीम. ठाऊक हाये जी," देवमन म्हणाला. "म्हनूनच तर तिले मागून राह्यलो."