चार मिनिटं म्हणजे चारच

तो आला तोच भंगाराची चिठ्ठी हातात घेऊन. वाचनालयातल्या माझ्या टेबलाशी थांबला आणि ती थेट संगणकावर चिकटवायला वाकला.

“हात मागे!” मी म्हणाले.

तो दचकला. डोळे छान होते त्याचे... पण म्हणून काय झालं?

“मी ग्रंथालय खात्याचा तपासनीस आहे,” तो म्हणाला. “हा सुरू व्हायला अकरा मिनिटं लावतो, अशी तक्रार आहे.”

“डिस्क जुनी आहे, म्हणून हळू चालते. नवा कधी देणार?”

“मंजुरी आली की.”

म्हणजे कधीच नाही! पुस्तकांची सगळी यादी त्यात. संगणक गेला की वाचनालयाला कुलूप. मी त्याला हे चांगलं खडसावून सांगितलं.

“बरं... शुक्रवारपर्यंत तीन मिनिटांत सुरू करून दाखवा,” तो म्हणाला. “मी येऊन बघेन.”

येऊन बघेन म्हणाला आणि रोजच यायला लागला! एकदा पेनड्राइव्हवर संगणक चालवणारी त्याची लाडकी ओपन सोर्स प्रणाली घेऊन आला. “फुकट आहे, आणि दिसायला किती देखणी!”

“तुम्ही सगळं दिसण्यावरूनच निवडता?”

“आजवर तरी नाही...” तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत.

शुक्रवारी सकाळी त्याने घड्याळ लावलं. ती देखणी प्रणाली डिस्ककडे सारखं काही ना काही मागत राहिली आणि डिस्क बिचारी खडखडत राहिली. चार मिनिटं लागली. इकडेतिकडे बघत तो हळूच म्हणाला, “मी तीन लिहितो.”

मला भयंकर राग आला. कारण तो मला आवडायला लागला होता, आणि आवडत्या माणसाची मेहेरबानी घ्यायची... छे!

“चार मिनिटं म्हणजे चारच लिहा. आणि पाच वाजता परत या. शुक्रवार अजून संपलेला नाही.”

त्याने निमूटपणे चार लिहिले.

दुपारी मी माझ्या पसंतीची प्रणाली बसवली. आमच्याच कपाटातल्या पुस्तकांत वाचून शोधलेली. करडी, दिसायला बेताची. पण सुरू होताना लागेल ते सगळं ती एकदाच डिस्कवरून मेमरीत उचलून घ्यायची. मग डिस्कला पुन्हा पुन्हा त्रास नाही.

पाच वाजता मी बटण दाबलं. खडखड... खडखड... मग एकदम शांत. पुस्तकांची यादी समोर!

“दोन मिनिटं पन्नास सेकंद,” तो म्हणाला. त्याने आकडा लिहिला आणि भंगाराची चिठ्ठी स्वतःच फाडली.

“झालं तर मग... तुमचं इथलं काम संपलं,” मी म्हणाले. मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

“हो ना... इथे सभासद व्हायला काय लागतं?”

मी अर्ज पुढे सरकवला. ‘सभासद होण्याचं कारण’ या रकान्यात त्याने लिहिलं: वाचनाची आवड. मी अर्ज परत केला.

“खरं तेच लिहा.”

त्याने ती ओळ खोडली. मग लिहिलं — तुम्ही.

“मंजूर?” त्याने खाली मान घालून विचारलं.

“तुमच्या खात्याइतका वेळ नाही लावत मी,” म्हणत मी शिक्का मारला.