इथून समुद्र दिसायचा

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत मी उगवण तपासते. ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवायचे, आठव्या दिवशी मोड मोजायचे. अंदाजाला तिथे जागा नसते.

या मे महिन्यात मी आणि माझा नवरा हरिओम इटलीला जाऊन आलो. त्याला रोमन लढायांच्या मोबाईल गेमचं वेड. प्रत्येक पडक्या कमानीखाली तो व्हिडिओ काढायचा आणि मला पुढे चालायला लावायचा. शेवटच्या दिवशी रोमजवळच्या ओस्तिया नावाच्या रोमन काळातल्या पडक्या बंदरात आम्ही तासभर नुसते चाललो.

परतल्यावर एका रविवारी दुपारी वडीगोद्रीच्या घरी सासूबाईंना त्या तासभराचा व्हिडिओ टीव्हीवर लावून दिला. उषाबाई तुळजापूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. वर्षभरापासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. त्या दिवशी सकाळीच मला त्यांनी विचारलं होतं, "तू कोणाची गं?"

शेंगा फोडत त्या पाहत होत्या. काळ्या दगडांचा रस्ता, तांबड्या विटांच्या भिंती, पाइनच्या सावल्या. त्यांचा हात थांबला.

"म्होरं डाव्या हाताला दळायचं जातं हाय. मोठं. गाढव जुंपायचं त्याला."

दहाएक पावलं गेली. डावीकडे पडक्या भिंतीआड माणसाच्या छातीइतकं उंच, काळ्या दगडाचं जातं आलं.

हरिओम हसला. "माय, अंदाजे बोलून राह्यली तू."

"तिथून उजवीकडं वळलं की आड हाय. काठाला दोरीच्या घळी पडल्यात."

उजवीकडे आम्ही वळलोच नव्हतो. हरिओमने फोनवर इतर प्रवाशांचे फोटो शोधले. थोड्या वेळाने फोन माझ्या हातात दिला. गोल दगडी काठ. त्यावर दोरीच्या खोल खुणा.

"समिंदर दिसंना," उषाबाई म्हणाल्या. "हितून दिसायचा."

"आता लांब सरकलाय, माय," हरिओम हळूच म्हणाला. गाईडने आम्हाला तसंच सांगितलं होतं.

भीती वाटायला हवी होती. पण घरात रोज शब्दासाठी अडणारी ही बाई त्या गल्लीत एकदाही अडखळत नव्हती. कोणतं दार कोणाचं, सावली आधी कुठे येते, सगळं सांगत होती. मला नकळत हात जोडावेसे वाटले.

"आन् उंबऱ्यावरचा आंधळा? अजून बसतो का?"

"तिथं कोणीच न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले.

"नीट बघ."

हरिओमने व्हिडिओ मागे नेला.

रिकामा उंबरा. ऊन.

मग पडद्यावर मी आले. दारापाशी थांबले. कोणाचे पसरलेले पाय ओलांडू नयेत, तसा वळसा घेतला. मान लववून काहीतरी बोलले.

मला यातलं काहीच आठवत नव्हतं.

हरिओमने आवाज वाढवला.

आवाज माझाच होता. भाषा माझी नव्हती.

उषाबाईंनी पडद्यावरच्या तिला त्याच भाषेत उत्तर दिलं.